अंतर्बळाचा ग्रंथकार : सुन लूथांग

1860 साली इंग्रज आणि फ्रेंच फौजा पेकिंगपर्यंत धडकल्या आणि चिनी सम्राटाचा उन्हाळी राजवाडा त्यांनी जाळून भस्मसात केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राजधानीच्या नैर्ऋत्येस, जिली प्रांतातील वान तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव फूछ्वान ठेवण्यात आले. पुढे सुन लूथांग या नावाने तो चीनभर ओळखला गेला आणि चीनच्या अंतर्मुख युद्धकलांच्या इतिहासात त्याच्या इतके मोठे नाव शोधूनही सापडणे कठीण. शिंग-यी, बा-ग्वा आणि ताई-ची या तीनही कला ज्याने त्या त्या परंपरेच्या थोर आचार्यांकडून आत्मसात केल्या आणि तिन्हींवर ग्रंथ लिहिले, असा हा पुरुष. एका भुकेल्या मुलाच्या हाती हे सारे कसे आले, आणि जे आले त्याची प्रत्यक्ष लढाईत किंमत किती, हे दोन प्रश्न त्याच्या चरित्रात एकमेकांत गुंतलेले आहेत. इतिहासाच्या शिक्षकाला दुसरा प्रश्न टाळून पहिल्याचे गोडवे गाता येत नाहीत.

सुन यांचे वडील लवकर वारले. औषधोपचारात आणि नंतर उत्तरक्रियेत असलेला जमिनीचा तुकडाही गेला. गावातील पंतोजींकडे चार अक्षरे गिरवणाऱ्या मुलाला शाळा सोडून एका जमीनदाराच्या घरी राबावे लागले. मोबदला म्हणजे पोटाला अन्न, आणि वर मार. त्याच दिवसांत गावाजवळ मुष्टिविद्या शिकवणाऱ्या एका वृद्ध शिक्षकाचा त्याला आधार मिळाला, आणि दिवसभराच्या श्रमानंतर रात्री तो सराव करू लागला. परंतु दारिद्र्य एवढ्याने हटत नाही. जमीनदाराचे घर सुटले, आईला खाऊ घालायला काही उरले नाही, तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या या मुलाने झाडाला गळफास लावून घेतला. वाटेने जाणाऱ्यांनी त्याला खाली उतरवले, शुद्धीवर आणले आणि घरी पोहोचवले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. उपासमार ही त्या काळी उत्तर चीनमध्ये अपवादात्मक गोष्ट नव्हती. काही वर्षांतच, 1876 ते 1879 या काळात, त्या प्रदेशात जो दुष्काळ पडला त्यात सुमारे एक कोटी माणसे मेली असावीत, असा अंदाज इतिहासकार करतात.

पुढे बाओदिंग शहरात नातेवाइकाच्या लेखणीच्या दुकानात त्याला काम मिळाले. चिनी लेखणी म्हणजे केसांचा कुंचला. केस निवडणे, विंचरणे, बांबूच्या नळीत बसवणे हे नाजूक हातांचे काम. ज्या हातांनी पुढे नामवंत मल्लांना भुईवर लोळवले, त्या हातांची पहिली शिस्त कुंचल्याची होती. दुकानात सुशिक्षित गिऱ्हाईक येई आणि त्यांच्याकडे पाहत या मुलाने आपले सुटलेले अक्षर पुन्हा धरले. त्याच्या हस्ताक्षराला पुढे जाणकारांनी मान दिला. ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण त्या काळचे बहुसंख्य वस्ताद निरक्षर होते, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत होते अशा विद्वानांना वस्तादांच्या अंगणात बसणे कमीपणाचे वाटत होते. ज्याला दोन्ही घरांची भाषा येते असा मनुष्य दुर्मीळ होता.

बाओदिंगमध्येच त्यांना ली ख्वेइयुआन हे शिंग-यीचे शिक्षक भेटले. शिंग-यी या नावाचा अर्थ आकार आणि संकल्प. मनात जो संकल्प उठतो तोच शरीराचा आकार व्हावा, मध्ये क्षणाचीही फट राहू नये, हे या विद्येचे सूत्र. नवशिक्याला येथे आधी ठोसा शिकवत नाहीत, उभे राहायला शिकवतात. त्रिदेह-स्थिती असे नाव असलेली एक उभे राहण्याची रीत आहे. वजन बरेचसे मागच्या पायावर, एक हात पुढे छातीच्या उंचीवर, दुसरा पोटाजवळ, खांदे सैल, कणा सरळ, नजर पुढच्या बोटांवरून पलीकडे. या अवस्थेत रोज, महिनोन् महिने उभे राहायचे. आपल्याकडच्या तालमीत नवा पोरगा जोर-बैठकांना कंटाळतो, तसेच तेथेही होत असणार, आणि टिकणारे थोडेच असणार. सुन टिकले.

या उभे राहण्यातून काय साधते, हे समजून घेतल्याशिवाय अंतर्मुख हा शब्द कळत नाही. सामान्य माणूस ठोसा मारतो तेव्हा खांदा आणि दंड आवळतो. तोच आवळलेला स्नायू हाताची गती रोखतो, आणि शरीराचे बाकीचे वजन मागेच राहते. शिंग-यीचा अभ्यासक जे स्नायू कामाचे नाहीत ते सैल ठेवायला शिकतो. पाय जमिनीला रेटतो, तो रेटा कंबरेतून आणि पाठीतून जातो आणि हातातून बाहेर पडतो. हात हे केवळ शेवटचे टोक. यासाठी सहा मेळ सांगितले आहेत. बाहेरचे तीन म्हणजे खांद्याचा कंबरेशी, कोपराचा गुडघ्याशी, हाताचा पायाशी मेळ. आतले तीन म्हणजे चित्ताचा संकल्पाशी, संकल्पाचा प्राणाशी आणि प्राणाचा बळाशी. बाहेरचे तीन कोणत्याही व्यायामशास्त्रज्ञाला पटतील. आतल्या तीनांपैकी छी म्हणजे प्राण या शब्दाभोवती पुढे पुष्कळ धुके जमले, त्याचा विचार पुढे येईल.

उभे राहणे जमले की पाच मुष्टी. कुऱ्हाडीसारखी वरून पडणारी, गिरमिटासारखी वर घुसणारी, बाणासारखी सरळ सुटणारी, तोफेसारखी उसळणारी आणि आडवी जाणारी. त्यांना अनुक्रमे धातू, जल, काष्ठ, अग्नी आणि पृथ्वी या पाच तत्त्वांची नावे आहेत. तत्त्वांचे हे वेष्टण बाजूला ठेवले तरी युद्धशास्त्र स्पष्ट दिसते. अडवणे आणि मारणे या येथे दोन क्रिया नाहीत. वर उठणारा हात प्रतिस्पर्ध्याचा हात बाजूला सारतो आणि तोच हात खाली येताना प्रहार होतो. पुढचा पाय पडतो त्याच क्षणी हात पोहोचतो, आणि मागचा पाय लगेच ओढून घेतला जातो, म्हणजे संपूर्ण देहाचे वजन ठोशामागे असते. ही विद्या भाल्याच्या मुठीवरून आली, अशी परंपरा आहे, आणि सरळ रेषेत पुढे घुसण्याची तिची खोड पाहिली म्हणजे ती परंपरा खरी वाटते.

ली यांनी आपला हा शिष्य आपल्याच गुरूंकडे, ग्वो युनशेन यांच्याकडे नेला. ग्वो हे ली नंगरान यांचे शिष्य. ली नंगरान हे जिलीहून शान्शीत गेले, तेथील दाई कुळात बंदिस्त असलेली विद्या त्यांनी प्रयत्नाने मिळवली आणि बाहेर आणली. ग्वो यांची अर्ध्या पावलाची बाणमुष्टी उत्तर चीनमध्ये दंतकथा झाली होती. हातून मनुष्यवध झाल्यामुळे ते तुरुंगात होते, पायात बेड्या असल्यामुळे पूर्ण पाऊल टाकता येत नव्हते म्हणून त्यांनी अर्ध्या पावलाचा ठोसा सिद्ध केला, अशी आख्यायिका आहे. कथा सुंदर आहे, परंतु मागचा पाय अर्धवट ओढून घेणारे पाऊल शिंग-यीच्या मूळ चालीतच आहे, त्यासाठी बेडीची गरज नाही. ग्वो घोड्यावरून प्रवासाला निघत आणि सुन घोड्याच्या शेपटीला धरून मागे धावत, हीही आख्यायिकाच. एवढे खरे की काही वर्षे त्यांनी या वृद्ध, कडक आणि तापट गुरूंची सावलीसारखी सोबत केली.

त्यानंतरचा मुक्काम पेकिंग. तेथे चष्म्याचे दुकान चालवणारे चंग थिंगह्वा हे बा-ग्वाचे आचार्य होते. लोक त्यांना चष्मेवाले चंग म्हणत. त्यांचे गुरू दोंग हायछुआन 1882 मध्ये निवर्तले. दोंग यांची रीत अशी होती की आधीपासून एखाद्या विद्येत मुरलेल्या माणसालाच ते पत्करीत, आणि त्याच्या मूळ विद्येवर आपली कलमे बांधत. चंग मूळचे कुस्तीगीर, त्यामुळे त्यांच्या बा-ग्वात पकडी आणि पाड यांचा भरणा अधिक. बा-ग्वाचा अभ्यासक वर्तुळावर चालतो. तासन् तास, गुडघे वाकवून, कंबर मध्याकडे पिळून, हाताचे तळवे त्या काल्पनिक केंद्राकडे रोखून, आणि मग एकाएकी दिशा बदलून. शिंग-यीने सरळ घुसायचे तर बा-ग्वाने समोर उभेच राहायचे नाही. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा ज्या जागी पडतो त्या जागेतून निसटून त्याच्या बगलेला किंवा पाठीमागे पोहोचायचे. ज्याला एकाच वेळी अनेकांशी झुंजण्याचा प्रसंग येतो, अशा पहारेकऱ्याला किंवा वाटाड्याला ही चाल उपयोगी. त्या काळी मालाच्या सुरक्षित वाहतुकीची हमी घेणाऱ्या पेढ्या होत्या, आणि या कलांचे कित्येक जाणकार त्या पेढ्यांच्या चाकरीत पोट भरत. सुन मूळचेच चपळ. बा-ग्वानंतर लोक त्यांना जिवंत माकडाची उपमा देऊ लागले.

येथवर चरित्र सरळ चढत जाते. मग 1900 साल येते.

त्या वर्षी यी-ह्वो-थ्वान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, परकीयांवर चिडलेल्या गरीब शेतकऱ्यांच्या जमावाने उठाव केला. मंत्रोच्चाराने आणि विशिष्ट कवायतीने देह अभेद्य होतो, बंदुकीची गोळी लागत नाही, असे त्यांना सांगितले गेले होते आणि त्यांनी ते मानले होते. गोळ्या लागल्या. हजारोंनी माणसे मेली. आठ राष्ट्रांच्या सैन्याने राजधानी लुटली. चंग थिंगह्वा यांचा या भाबडेपणाशी संबंध नव्हता, परंतु पेकिंगच्या रस्त्यावर जर्मन सैनिकांशी त्यांची गाठ पडली आणि ज्या माणसाला हात लावणे कोणा मल्लाला जमत नव्हते तो गोळीने मेला. आपल्या गुरूच्या मृत्यूची ही बातमी सुन यांनी कशी पचवली असेल? त्यांच्या पुढच्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र या प्रश्नाच्या उत्तरासारखी वाटते. देह अभेद्य करण्याची भाषा त्यांच्या लिखाणात नाही. बंदुकीपुढे मूठ चालत नाही, हे त्यांच्या पिढीने रक्त देऊन शिकून घेतले होते. पुढच्याच वर्षी, 1901 मध्ये, धनुर्विद्या आणि जड शिळा उचलण्यावर आधारलेल्या सरकारी सैनिकी परीक्षाही बंद झाल्या. रेल्वे आली तसे पहाऱ्याच्या पेढ्यांचे दिवस भरले. मग या विद्येचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक वस्तादापुढे उभा राहिला. बहुतेकांनी तो टाळला. सुन यांनी त्याला तोंड दिले.

1907 मध्ये शू शिछांग हे बडे प्रशासक ईशान्येकडील तीन प्रांतांचे प्रमुख म्हणून गेले तेव्हा त्यांनी सुन यांना बरोबर नेले. शू पुढे 1918 ते 1922 या काळात चिनी प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्या कार्यालयातही सुन यांना जागा मिळाली. ईशान्येकडे असताना त्यांनी परदेशी मल्लांना हरवले, उतारवयात जपानी कुस्तीगिरांना एकट्याने पालथे घातले, अशा कथा प्रचलित आहेत. त्या शिष्यपरंपरेकडून आलेल्या आहेत, प्रतिपक्षाची बाजू त्यांत नाही, आणि काळाबरोबर प्रतिस्पर्ध्यांची संख्या वाढत गेलेली दिसते. सुन हे त्यांच्या काळातील अग्रगण्य लढवय्ये होते, हे समकालीन वस्तादांनी त्यांना दिलेल्या मानावरून पुरेसे सिद्ध होते. त्यासाठी अशा कथांची गरज नाही.

ताई-ची त्यांच्याकडे आली ती एका आजारपणातून. चिनी क्रांतीनंतरच्या वर्षांत हाओ वेइचेन नावाचे एक वृद्ध ताई-ची शिक्षक पेकिंगला आले आणि परक्या शहरात आजारी पडले. सुन यांची त्यांच्याशी विशेष ओळख नव्हती. त्यांनी वैद्य आणला, औषधे दिली, रात्रंदिवस शुश्रूषा केली. बरे झाल्यावर हाओ यांच्यापाशी परतफेड म्हणून देण्यासारखे एकच धन होते, ते त्यांनी दिले. सुन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, स्वतः ख्यातनाम आचार्य. त्या वयात आणि त्या कीर्तीवर दुसऱ्याचा विद्यार्थी होण्यास जो नम्रपणा लागतो तो त्यांच्या ठायी होता.

ताई-चीचे मर्म द्वंद्वातल्या एका शब्दात आहे, ऐकणे. येथे कानाने नव्हे, त्वचेने ऐकायचे असते. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावतात आणि हळूहळू रेटतात. आपल्या आखाड्यात कुस्ती लागण्यापूर्वी पैलवान खडाखडी करतात, हाताला हात भिडवून समोरच्याचा तोल आणि त्याचा बेत चाचपतात. तीच कल्पना येथे शास्त्र म्हणून वाढवलेली आहे. समोरचा बळ लावतो तेव्हा त्याला विरोध करायचा नाही, त्याच दिशेला थोडे जाऊ द्यायचे, त्याचा तोल त्याच्याच बळाने सुटला की तेवढ्या एका क्षणी आपले बळ द्यायचे. सुन यांनी यातून स्वतःची पद्धत घडवली. उभे राहणे उंच, हालचाली आटोपशीर, शिंग-यीसारखे मागचा पाय ओढून घेणारे पाऊल, आणि प्रत्येक वळणावर तळहात उघडणे-मिटणे. म्हाताऱ्या गुडघ्यांना ती झेपते, म्हणून आजही ती पुष्कळांना जवळची वाटते. तीन कलांमधला फरक त्यांच्या परंपरेत चेंडूंच्या उपमेने सांगतात. शिंग-यी हा लोखंडी गोळा, बा-ग्वा हा तारांनी विणलेला गोळा आणि ताई-ची हा हवा भरलेला चेंडू. पदार्थ निराळे, गोलपणा एक.

1915 मध्ये सुन यांचा शिंग-यीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या कलेवरील छापील, उघडपणे विकला जाणारा असा ग्रंथ त्यापूर्वी नव्हता. त्यात त्यांनी स्वतःची छायाचित्रे दिली आणि पाऊल कोठे, कोपर कोठे, नजर कोठे, हे क्रमाने लिहिले. लवकरच बा-ग्वावरील ग्रंथ आला आणि मग ताई-चीवरील.

या घटनेचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीची रीत ध्यानात घ्यावी लागेल. ही विद्या कुळात राहत असे. चन गावात चन कुळाची, शान्शीत दाई कुळाची. मुलीला शिकवायची नाही, कारण ती परघरी जाणार. परक्याला शिकवलीच तर काही भाग हातचा राखून. शिष्याने गुरूपुढे डोके टेकवायचे, वर्षानुवर्षे सेवा करायची, आणि एवढे करूनही शेवटचे मर्म मिळेलच याचा भरवसा नाही. ज्ञान जन्माच्या दाराआड कुलूपबंद ठेवणे म्हणजे काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चीनमधली ही कुलुपे आपल्याकडच्यासारखी धर्मशास्त्राने ठोकलेली नव्हती, ती धंद्याची आणि असुरक्षिततेची होती, हा फरक मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. त्याचा परिणाम मात्र ओळखीचा होता. जो उपाशी आहे, ज्याला कोणी नाही, त्याला दार बंद. सुन यांच्यासारख्या पोरक्या मुलाला ते दार उघडले हा योगायोग होता, आणि त्यांनी तो योगायोग आपल्यापुरता ठेवला नाही. काही आण्यांच्या पुस्तकात त्यांनी तो कोणाही वाचत्या माणसाच्या हाती दिला. पुस्तक वाचून कोणी मल्ल होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण शिक्षक हातचे राखतो की नाही, हे पुस्तक हाती असलेल्या विद्यार्थ्याला कळू लागते.

ग्रंथात दोष आहेत. शिंग-यीची परंपरा सांगताना सुन यांनी बोधिधर्म आणि सोंग काळातील सेनापती युए फेई यांची नावे प्रचलित समजुतीप्रमाणे दिली. बोधिधर्म भारतातून गेला आणि त्याने शाओलिनच्या भिक्खूंना युद्धकला शिकवली, ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, भित्तिपत्रकांवर छापली जाते, आणि बौद्धांना ती विशेष गोड वाटणे स्वाभाविक आहे. पण ती खरी नाही. शाओलिन विहार 495 च्या सुमारास बातुओ नावाच्या भारतीय भिक्खूसाठी उत्तर वेई सम्राटाने स्थापन केला. 621 मध्ये तेथील तेरा भिक्खूंनी भावी थांग सम्राटाला लढाईत मदत केली, याचा शिलालेख 728 चा आहे. तेथवर पुरावा पक्का आहे. परंतु त्या शिलालेखात बोधिधर्माच्या मुष्टिविद्येचा उल्लेख नाही, आणि ज्या स्नायुपरिवर्तन नावाच्या पुस्तकातून ही कथा उगवली ते 1624 च्या सुमाराचे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने लिहिलेले आहे. ताई-चीचा जनक म्हणून जांग सानफेंग या ताओपंथी सिद्धाचे नाव घेतात, तेही असेच. थांग हाओ या चिनी अभ्यासकाने 1930 मध्ये या दोन्ही कथा पुराव्यानिशी खोडून काढल्या, तेव्हा नानजिंगमधील काही मल्ल त्यांना मारायला उठले होते, असे सांगतात. तथागतांनी ऐकीव परंपरेवर विसंबू नये असा उपदेश केला आहे. आपल्याला सुखावणाऱ्या परंपरेलाही तो लागू होतो.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे वर्गीकरणही फार जुने नाही. ह्वांग जोंगशी या विद्वानाने 1669 मध्ये एका मल्लाच्या समाधिलेखात आतल्या घराण्याची मुष्टिविद्या असा शब्द वापरला, तो वेगळ्याच विद्येसाठी. शिंग-यी, बा-ग्वा आणि ताई-ची या तिघींना मिळून तो शब्द रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पेकिंग परिसरातील चंग थिंगह्वा यांच्यासारख्या आचार्यांनी आपसांतील भिंती पाडून एकमेकांचे शिष्य एकमेकांकडे पाठवायला सुरुवात केली तेव्हा. आणि ग्रंथरूपाने त्याला पाया दिला तो सुन यांनी.

याच सुमारास नव्या विचाराचे तरुण लेखक या साऱ्या पुनरुज्जीवनावर तुटून पडले होते. लू शून यांनी 1918 मध्ये लिहिले की मुष्टिविद्येचा हा नवा उदो उदो म्हणजे 1900 च्या भ्रमाचेच नवे रूप आहे. माझी सहानुभूती या वादात लू शून यांच्याकडे झुकते. प्राण, यिन-यांग, अष्टकोनी चिन्हे यांच्या धुक्यात किती भोंदू वस्ताद पोसले गेले याची गणती नाही. सुन यांच्या लेखनातही हे धुके आहे. मुठीच्या प्रत्येक हालचालीला तत्त्वचिन्ह जोडण्याचा त्यांचा अट्टहास आजच्या वाचकाला थकवतो. परंतु 1924 मध्ये त्यांनी जो ग्रंथ प्रकाशित केला तो निराळ्या प्रतीचा आहे. मुष्टिविद्येच्या आशयाचे सत्य कथन, अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यात त्यांनी आपल्या गुरूंची आणि गुरुबंधूंची लहान चरित्रे दिली आणि प्रत्येकाने काय शिकवले ते त्याच्या नावावर नोंदवले, स्वतःच्या नावावर खपवले नाही. ग्वो युनशेन यांची बळाच्या तीन पायऱ्यांची मांडणी तेथूनच आपल्यापर्यंत आली. पहिले उघड बळ, ज्यात हातपाय एकसूत्र होतात आणि ठोसा दिसतो, ऐकू येतो. दुसरे गुप्त बळ, ज्यात कडकपणा मावळतो. तिसरे रूपांतरित बळ, ज्यात विचार करून मारायचे उरत नाही. पहिल्याशिवाय दुसरे नाही, हा क्रम तेथे स्पष्ट आहे. आज ताई-चीच्या नावाने थेट तिसऱ्या पायरीच्या गप्पा मारणाऱ्यांनी तो ग्रंथ उघडला नसावा.

मार्च 1928 मध्ये माजी सेनानी जांग जीज्यांग यांनी नानजिंग येथे मध्यवर्ती राष्ट्रीय युद्धकला संस्था स्थापन केली. तिचे शाओलिन आणि वूदांग असे दोन विभाग केले आणि वूदांग विभागाच्या प्रमुखपदी सुन यांना बोलावले. दोन विभागांत लवकरच कलह माजला, प्रकरण हातघाईवर आले आणि विभागणीच रद्द करावी लागली. सुन काही महिन्यांत तेथून निघाले आणि ज्यांगसू प्रांताच्या संस्थेत, पुढे झेनज्यांग येथे, शिक्षणप्रमुख झाले.

त्या संस्थेने एक मोलाची गोष्ट मात्र केली. ऑक्टोबर 1928 मध्ये नानजिंगला आणि नोव्हेंबर 1929 मध्ये हांगजोला देशभरातील लढवय्यांना प्रत्यक्ष झुंजवले. हांगजोच्या परीक्षक मंडळात सुन होते. या दोन सामन्यांनी पुष्कळ भ्रम उतरवले. नानजिंगला इतके जण जायबंदी झाले की शेवटच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. सैल हातांनी समोरच्याचे बळ परतवण्याची जी चित्रे लोकांच्या मनात होती ती व्यासपीठावर फारशी दिसली नाहीत. दिसली ती धडपड, अंगावर जाणे, पाडणे, दमछाक. ज्यांचे नाव पुढे आले त्यांत शिंग-यीत तयार झालेले जू ग्वोफू आणि जू ग्वोलू हे बंधू होते. म्हणजे विद्या पोकळ नव्हती. परंतु ती त्यांना फळली, कारण त्यांनी मार खाण्याचा आणि देण्याचा सराव केला होता. घरी हवेत हात फिरवून आलेल्यांना कोणत्याही घराण्याच्या नावाने वाचवले नाही. 2017 मध्ये छंगदू येथे एका आधुनिक मिश्र पद्धतीच्या लढवय्याने एका ताई-ची शिक्षकाला काही सेकंदांत खाली पाडले तेव्हा चीनमध्ये मोठा गहजब झाला. 1929 मध्ये हांगजोला जे बसले होते त्यांना त्यात नवल वाटले नसते.

अंतर्बळाची तत्त्वे खरी आहेत असे माझे मत आहे. तोल, सैलपणा, जमिनीचा आधार, स्पर्शातून हेतू ओळखणे, या गोष्टी कुस्तीत, ज्युदोत, भाल्यात सर्वत्र खऱ्या आहेत. त्यांना लढाईत किंमत येते ती दुसऱ्या माणसाच्या खऱ्या विरोधावर घासल्यानंतर. ग्वो, चंग आणि तरुण सुन यांचे आयुष्य अशा विरोधातच गेले होते, म्हणून त्यांच्याकडे उभे राहणे आणि वर्तुळात चालणे हे शस्त्राला धार लावण्यासारखे होते. पुढे पुष्कळांनी धार लावणे हेच काम मानले. आपल्या विद्यालयाच्या मैदानावर पहाटे कराटेची कवायत करणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवलेले बरे. वर्षातून काही दिवस तरी समोर खरा जोडीदार हवा.

झेनज्यांगच्या संस्थेत स्त्रियांसाठी वर्ग सुरू झाला आणि तेथे सुन यांची कन्या जियानयुन शिकवू लागली. कुळाबाहेर जाईल म्हणून मुलीला विद्या न देण्याच्या रिवाजाला त्यांनी स्वतःच्या घरात दिलेले हे उत्तर होते. 1931 च्या सप्टेंबरात जपानने ईशान्य चीनवर आक्रमण केले. सुन तेव्हा सत्तरीत होते. सारे सोडून ते जिलीतल्या आपल्या जन्मगावी परतले. जिली प्रांताला आता हपेई हे नवे नाव मिळाले होते. ज्या गावाने त्यांना उपाशी पाहिले होते तेथे त्यांनी अखेरचे दिवस काढले, आणि 1933 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, बसल्या जागी शांतपणे देह ठेवला, असे कुटुंबीय सांगत आले. मृत्यूचा दिवस त्यांनी आधीच सांगितला होता, ही पुस्ती शिष्यांनी जोडलेली दिसते.

जियानयुन यांनी चित्रकलेचेही शिक्षण घेतले होते. वडिलांच्या ग्रंथातील क्रम तसाच ठेवून त्यांनी ती ताई-ची पुढे शिकवली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या विद्यांवर वक्रदृष्टी होती, तेव्हा हे शिकवणे सोपे नव्हते. त्या परिस्थितीने नरम झाल्या नाहीत. 2003 मध्ये, जवळजवळ नव्वदाव्या वर्षी, बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्याकडे चीनबाहेरूनही विद्यार्थी येत होते, आणि त्यांपैकी कोणालाही त्यांनी कुळ विचारल्याचे ऐकिवात नाही.